बोर्डावर 'डिजिटल एक्स-रे' आणि हातात कागद... हे नक्की काय प्रकरण आहे?

कुळागरवालो
नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितोय. आईला चवथीपासून खोकला. आधी वाटलं गणपतीवरची माटोळी बांधताना धूळ गेली असेल, मग म्हटलं रस्त्यावरच्या खनिजाच्या ट्रकांची धूळ, पण तीन आठवडे झाले तरी थांबेना म्हणून आमच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. जवळच्या एका सेंटरवर गेलो, बोर्ड हा एवढा मोठा 'डिजिटल एक्स-रे', २५० रुपये घेतले आणि दिला काय तर चकचकीत कागदावरचा प्रिंट. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरला, मग टेबलावर ठेवला, म्हणाले ही लग्नपत्रिका आहे काय, यात मला काही कळत नाही, डीआर असेल तिथे परत काढून आणा.

मग म्हापशाला, ४५० रुपये. बोर्ड तिथेही तोच, 'डिजिटल एक्स-रे'.

पण फरक मला दिसला तो असा की पहिल्या ठिकाणी टेक्निशियन दर वेळी एक चपटी पेटी घेऊन आतल्या खोलीत जायचा, दोन-तीन मिनिटांनी यायचा, आणि एकदा म्हणाला 'हलल्या काकी' आणि परत काढला. म्हापशाला कोणी काही आतबाहेर केलं नाही, आई पदर सारखा करते तोवर स्क्रीनवर फोटो हजर. दोन्ही डिजिटल कसे? आणि एकाच आठवड्यात तीनदा एक्स-रे झाला तिचा, त्याचं टेन्शन आहेच.

पात्रांव_७२
बोर्डावर डिजिटल म्हणजे बिल कंप्युटरवर काढतात, एवढाच अर्थ 😄

हायपोवाला
फोंड्याचा रिटायर्ड एक्स-रे टेक्निशियन आहे, अर्धी नोकरी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली गेली, तेव्हा जरा लांबण लागेल.

पेटी घेऊन आत गेला म्हणजे सीआर, कंप्युटेड रेडिओग्राफी. पेटीला कॅसेट म्हणतात, पण आत फिल्म नसते, एक लवचिक प्लेट असते, तिला आम्ही आयपी, म्हणजे इमेजिंग प्लेट म्हणतो. तिच्यावर बेरियमच्या एका क्षाराचा थर, त्यात युरोपियमचा अंश. एक्स-रे पडला की त्या थरात ऊर्जा अडकून राहते, बघायला गेलं तर प्लेट पांढरीच. मग ती रीडरमध्ये घालायची, आत लाल लेझर ओळीओळीने फिरतो, जिथे ऊर्जा अडकलेली तिथून निळसर उजेड सुटतो, तो मोजून कंप्युटर फोटो बनवतो. शेवटी प्लेटवर भगभगीत उजेड टाकून ती पुसायची की पुढच्या पेशंटला तयार. हे तंत्र फुजीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं, म्हणजे चाळीस वर्षं जुनं आहे. जुनं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही हां, माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची वर्षं सीआरचीच, कारण हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या फिक्सरचा, वास गेला. पावसाळ्यात फिल्म वाळायच्या नाहीत, हँगरला लावून टेबलफॅन सोडायचो, घाईत कोणी बोट लावलं की फुफ्फुसावर अंगठ्याचा ठसा.

म्हापशाचं ते डीआर, डिजिटल रेडिओग्राफी. तिथे किरण टिपणारं पॅनलच थेट कंप्युटरला जोडलेलं, वायरने नाहीतर वायफायने.

म्हणजे दोन्ही बोर्ड खरेच बोलतात. फक्त एकाने अर्धं सांगितलं.

बायणेंकार
हायपोवाला काका, फिक्सर विकत घ्यायला माणूस यायचा ना? आमच्या शेजारी एक होता, चांदी काढायचा त्यातून म्हणे.

हायपोवाला
यायचा तर! वापरलेल्या फिक्सरात फिल्मवरची चांदी उतरलेली असते, कॅन भरून न्यायचा. जुन्या फिल्मही किलोवर जायच्या. सीआर आलं आणि बिचाऱ्याचा धंदा बसला. पण ते विषयांतर.

फिजिक्समास्तर
काकांनी यंत्र सांगितलं, मी जरा मुळाचं सांगतो, बारावीला हेच शिकवतो (पोरं झोपतात).

एक्स-रे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच, त्याला पकडायचं कसं. ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गमध्ये राँटगेननी काळ्या कागदाने झाकलेली नळी चालू केली आणि लांब ठेवलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकला. माझ्या हिशेबी जगातला पहिला डिटेक्टर तो पडदा. फिल्मच्या काळातसुद्धा फिल्म एकटी काही कामाची नव्हती, एक्स-रे तिच्यातून सरळ पार निघून जातात, कॅसेटमधले चमकणारे स्क्रीनच जवळजवळ सगळं काम करायचे आणि फिल्म त्यांचा उजेड टिपायची.

आजच्या डीआर पॅनलमध्येसुद्धा बऱ्याचदा तेच चालतं. वर सीझियम आयोडाइडचा थर, त्यात थोडं थॅलियम. एक्स-रे पडला की हिरवट उजेड. खाली काचेवर अमॉर्फस सिलिकॉनची जाळी, लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये असते त्याच जातीची, फक्त उलट्या कामाची, उजेड दाखवायच्या ऐवजी गोळा करते. गंमत त्या सीझियमच्या थरात आहे. साधी पावडर असली तर उजेड आत शिरून चारी बाजूंना फाकतो आणि फोटो पुसट येतो. सीझियम आयोडाइड व्हॅक्यूममध्ये वाफेने चढवलं की सुईसारखे उभे स्फटिक वाढतात, केसाहून कितीतरी बारीक. माडाच्या हिरांची मूठ घट्ट बांधून उभी धरा, तसं. हिराच्या आत पडलेला उजेड बहुतेक त्याच हिरातून खाली उतरतो, शेजारच्यात फारसा जात नाही. म्हणून थर जाड ठेवला तरी फोटो रेखीव राहतो, आणि जाड ठेवला की जास्त एक्स-रे पकडले जातात. एरवी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

पेशंटमधून पलीकडे आलेल्या माहितीपैकी साध्या सीआर प्लेटच्या हाती साधारण २५ ते ३० टक्के लागते, चांगल्या सीझियम पॅनलच्या हाती ६० च्या वर. आकडे किरणांच्या ताकदीप्रमाणे आणि तपशील किती बारीक त्याप्रमाणे हलतात, पण अंदाज यायला पुरे.

कुळागरवालो
मास्तर, हिरांचं समजलं. म्हणजे डीआरला किरण कमी लागतात?

फिजिक्समास्तर
लागायला हवेत. प्रत्यक्षात कमी देतात का, हे काकांना विचार.

हायपोवाला
आता मास्तरांनी डिवचलंच आहे तर बोलतो.

फिल्म प्रामाणिक होती. जास्त दिलं की काळी ठिक्कर, कमी दिलं की पांढरीफटक, दोन्हीकडे डॉक्टर शिव्या घालणार. त्यामुळे हात बसायचा, माणूस बघितला की केव्ही आणि एमएएस, म्हणजे किरणांची ताकद आणि मात्रा, डोक्यात यायचे. डिजिटलमध्ये कंप्युटर सगळं सारखं करून दाखवतो, दुप्पट दिलं काय, चौपट दिलं काय, फोटो मस्तच. कमी दिलं तरच फोटोत दाणे येतात आणि डॉक्टरांचा फोन येतो. मग टेक्निशियन काय शिकतो? थोडं जास्तच देऊन ठेवा. पुढच्या महिन्यात अजून थोडं. कोणी मुद्दाम करत नाही, आपोआप वर सरकतं. पुस्तकात याला एक्सपोजर क्रीप म्हणतात. मी स्वतः केलेलं आहे, खोटं कशाला बोलू. कळलं तेव्हा रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती.

फिजिक्समास्तर
दाणे का येतात ते सांगून टाकतो. पहिल्या पावसाचे मोठे थेंब अंगणातल्या चिऱ्यांवर पडतात तेव्हा ठिपके ठिपके दिसतात, जोराचा लागला की अंगण एकसारखं ओलं. एक्स-रे सुद्धा थेंबांसारखेच सुटे सुटे येतात. एका ठिपक्यावर सरासरी १०० पडत असतील तर १० इकडेतिकडे होणारच, म्हणजे १० टक्के, आणि १०,००० पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. म्हणून दाणे कमी करायला किरण वाढवणं हा सोपा रस्ता, आणि चांगला डिटेक्टर हा महाग रस्ता.

नळेंभाटी
एवढं सगळं वाचून भीती वाटायला लागली, मी वर्षातून दोनदा काढते. लेडचं एप्रन मागायचं का मग?

डॉ_घाटमाथा
रेडिओलॉजीत आहे, गोव्यातच. नळेंभाटी ताई, घाबरू नका. छातीच्या एका सरळ एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, आणि नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे एक एक्स-रे म्हणजे तीन दिवसांचं नैसर्गिक रेडिएशन. एप्रनचं म्हणाल तर पेशंटच्या पोटावर एप्रन टाकायची जुनी पद्धत आता बऱ्याच ठिकाणी सोडतायत, अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्येच ती बंद करा म्हणून सांगितलं. एप्रन सरकून नको तिथे आलं की परत काढावा लागतो, त्यातच जास्त जातं. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर मात्र आधी सांगायचंच.

कुळागरवालो, तीन आठवडे खोकला म्हणजे एक्स-रेवर थांबू नका. दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकीची टीबीची तपासणी करतात, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. डॉक्टरांनी सांगितली नसेल तर विचारा.

कागदाच्या प्रिंटबद्दल तुमच्या डॉक्टरांची बाजू घेतो. डिटेक्टर बहुतेक १४ बिटचा, म्हणजे काळ्यापांढऱ्यातल्या सोळा हजारांवर छटा. कागदावर त्यातल्या मूठभर उरतात. हृदयाच्या सावलीमागे, डायफ्रामच्या खाली, कॉलरबोनच्या वर, नेमकं जिथे आजार लपतो तिथल्या छटा कागदावर एक होऊन जातात. आम्ही मॉनिटरवर उजेड वरखाली करून ते कोपरे बघतो. हाडाचं फ्रॅक्चर कागदावरही दिसेल, छाती मला नका दाखवू. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खरं म्हणजे सेंटरकडे डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधला मूळ फोटो मागा, सीडीवर नाहीतर लिंकवर. छातीची फाइल १५ एमबीच्या आसपास असते, ती दोनशे केबीची होऊन येते तेव्हा काय गेलं ते मलाही कळत नाही.

कुळागरवालो
डॉक्टर, थुंकी दिली आहे, रिपोर्ट यायचाय. धन्यवाद.

काका, तुम्ही एक्सपोजर म्हणालात म्हणून घरी तो कागद परत काढला (आईने तो फ्रिजवर ठेवलाय, कोणी आलं की दाखवते). कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख वगैरे आहे आणि 'एस ५८' असं काहीतरी छापलंय. ते काय?

हायपोवाला
अरे वा, तो आकडा मिळाला म्हणजे चोर सापडला!

फुजीच्या पद्धतीच्या सीआरमध्ये एस नंबर येतो, आणि तो उलटा चालतो. २०० म्हणजे प्लेटवर ठरलेला किरण पोचला, १ मिलिराँटगेन. ४०० आला तर निम्माच पोचला, १०० आला तर दुप्पट. ५८ म्हणजे जवळपास साडेतीनपट. आणि दोनदा काढला म्हणालास. काकी बारीक आहेत का रे अंगाने?

कुळागरवालो
बारीकच. ४२ किलो.

हायपोवाला
मग काय, मोठ्या माणसाचं सेटिंग तसंच ठेवून बटन दाबलं. माझ्या हाताखाली असता तर...

पॅनलदुरुस्ती
थांबा थांबा काका, फाशी द्यायच्या आधी माझं ऐका. एक्स-रे मशीनच्या सर्व्हिसमध्ये आहे, पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतो.

एस नंबर पेशंटला मिळालेला डोस नाही. फोटोत कुठला भाग शरीर आणि कुठला भाग मोकळा हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि त्यावरून नंबर काढतं. किरणांची चौकट नीट आवळली नसेल, मोकळी हवा बरीच आली असेल, किंवा मेनूमध्ये छातीऐवजी दुसरंच काही निवडलेलं असेल तरी नंबर भलताच येतो. एका आकड्यावरून साडेतीनपट म्हणणं धाडसाचं आहे. दहा पेशंटचे आकडे बघा, सगळे पन्नास-साठ असतील तर मग बोला.

दुसरं, प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, कोणाचा उलटा, कोणाचा सुलटा. या गोंधळामुळेच २००८ मध्ये आयईसी या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सगळ्यांना एकच एक्सपोजर इंडेक्स ठरवून दिला, त्यात किरण दुप्पट तर आकडाही दुप्पट. सोबत डेव्हिएशन इंडेक्स येतो, शून्य म्हणजे नेमकं, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. नव्या डीआरवर टेक्निशियनच्या समोरच दिसतो. बघतो का, हा वेगळा प्रश्न 😐

हायपोवाला
मान्य. फाशी रद्द. पण २०० च्या जागी ५८ दिसला की माझी भुवई वर जाणार, ती काही तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही.

पात्रांव_७२
पॅनलदुरुस्ती, तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त काय बिघडतं ते सांगा राव, ते ऐकायचंय.

पॅनलदुरुस्ती
हातातून पडणं. वायरलेस पॅनल हलकं असावं म्हणून बनवतात, आत काच, वॉर्डमध्ये बेडखाली सरकवताना सटकलं की संपलं, कित्येक लाखांचा खुळखुळा. आता काचेऐवजी प्लास्टिकसारख्या लवचिक थराची पॅनल आलीत, ती जरा सोसतात.

बाकी आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. सीझियम आयोडाइड पाणी ओढतं, म्हणून पॅनल सीलबंद असतं, पण सील कायम राहील याची गॅरंटी देव पण देत नाही. जून ते सप्टेंबर मला सगळ्यात जास्त फोन. एसी रात्री बंद करतात, सकाळी दार उघडलं की गार पडलेल्या यंत्रावर बाहेरची हवा येऊन बसते, दव धरावं तसं. आतल्या सर्किट बोर्डावर हिरवट बुरशी मी स्वतः पुसलेली आहे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा म्हणून सांगतो, पुढच्या वेळी जातो तर त्या गुलाबी होऊन पडलेल्या, कोणी बदलल्याच नाहीत.

आणि मॅमोग्राफीवाल्यांचं, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणाऱ्यांचं, अजून नाजूक. तिथे बऱ्याच मशीनमध्ये सेलेनियमचं पॅनल, त्यात मधला उजेडच नाही, एक्स-रे सरळ विजेच्या चार्जमध्ये बदलतो, म्हणून फोटो सुईसारखा येतो. पण ते सेलेनियम काचेसारख्या अवस्थेत ठेवावं लागतं, तापमान फार चढलं-उतरलं की त्याचे स्फटिक बनायला लागतात आणि मग पॅनल परत येत नाही. एका ठिकाणी (नाव नाही घेणार) शनिवारी लाइट गेली, जनरेटर एक्स-रे रूमच्या एसीला जोडलेलाच नव्हता, सोमवारी मला बोलावलं. काय सांगणार होतो.

सीआरमध्ये एक मजेशीर प्रकार. रीडरच्या आत उजेड गोळा करणारी जी पट्टी असते तिच्यावर धुळीचा एक कण बसला की प्रत्येक फोटोत एकाच जागी सरळ पांढरी रेघ. एका डॉक्टरांनी तीन पेशंटना शरीरात तार आहे का विचारलं होतं. मी रीडर उघडला तर आत मुंग्या, कोणीतरी वर चहाचा कप ठेवायचा.

दातखिळी
मी डेंटिस्ट. आमच्याकडे थेट कंप्युटरला जोडलेला सेन्सर तुमच्या डीआर पॅनलच्या आधी आला बरं का. आरव्हीजी म्हणतो आम्ही, तोंडात ठेवायचा छोटा सेन्सर, १९८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाला. पेशंट तो चावतात. इथे कोणाचं पॅनल पडतं, आमचं चावलं जातं. वायर तर पहिली जाते.

पॅनलदुरुस्ती
दातखिळी 😂😂 तुमच्या वायरींवर माझ्या एका मित्राचं घर चालतं.

नळेंभाटी
पण मग साध्या माणसाने कसं ओळखायचं कुठे चांगला निघेल? बोर्ड तर सगळ्यांचेच सारखे.

डॉ_घाटमाथा
बोर्ड वाचू नका. विचारा की डायकॉम देता का, रेडिओलॉजिस्टचा सही केलेला रिपोर्ट मिळतो का. एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स लागतंच प्रत्येक एक्स-रे मशीनला, ते बघायला मागितलं तर राग यायचं कारण नाही. आणि टेक्निशियनच्या खिशावर त्याला किती किरण लागले ते टिपणारा छोटा बॅज आहे का बघा, टीएलडी, तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. जिथे बॅज ड्रॉवरमध्ये पडलेला असतो तिथे बाकीच्या गोष्टींचाही अंदाज करावा.

सीआर आहे म्हणून पळून जाऊ नका. हात बसलेल्या टेक्निशियनचा सीआर मी निष्काळजी माणसाच्या डीआरपेक्षा कधीही घेईन. डीआरवर मी कॉलरबोन वाकडी, खांदे फुफ्फुसावर आलेले, श्वास अर्धवट घेतलेला असे फोटो रोज बघतो. 'श्वास घ्या, रोखा' हे कुठलंही पॅनल बोलत नाही.

हायपोवाला
डॉक्टर, हे वाक्य मी माझ्या जुन्या डिपार्टमेंटच्या दारावर लावू का?

बायणेंकार
लावा काका, पण कागदावर प्रिंट काढू नका 😄

कुळागरवालो
अपडेट. टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. म्हापशाच्या एक्स-रेवर रेडिओलॉजिस्टने उजवीकडे खाली थोडी न्यूमोनियाची सावली लिहिली आहे, औषध चालू केलं, आठ दिवसांत खोकला निम्म्यावर. सहा आठवड्यांनी परत एक्स-रे काढायचाय, सावली पूर्ण गेली का बघायला.

हे सगळं झाल्यावर मी पहिल्या सेंटरवर गेलो, भांडायला नाही, खरंच नाही. पॅनलदुरुस्ती म्हणाले तसं त्या टेक्निशियन पोराला विचारलं, दहा पेशंटचे एस नंबर बघता येतील का. त्याला आधी वाटलं मी एईआरबीचा माणूस. मग आम्ही दोघांनी कंप्युटरवर बसून छातीचे मागचे काढले. ६१, ५५, ७०, ४८, ६६, असेच सगळे, एकच १९० चा होता आणि तो एका दांडग्या पैलवानाचा. पोरगं गप्प झालं. म्हणाला, मला असंच सेट करून दिलं होतं, मी कधी हात लावला नाही, त्या नंबरचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता.

काका, त्याने तुमचा नंबर मागितलाय. देऊ का?

हायपोवाला
दे. आणि सांग, संध्याकाळी पाचच्या आत फोन कर, नंतर मी भजनाला असतो.